समोरचा बाक

२९ एप्रिल २०२४. इंदूरचं ऊन, गच्चीवर मुगाचे पापड वाळत घातलेले, आणि मी जिन्याच्या सावलीत बसून कावळे हाकत होते. खालून नात पळत आली. "दादी, काँग्रेसवाला बैठ गया!" मी विचारलं, "कुठे बसला? चक्कर आली का?" ती हसायलाच लागली. विशीची पोर, लोकसभेसाठी पहिल्यांदा मत देणार होती. निवडणुकीतलं 'बसणं' काय असतं ते तिला मोबाइलवर कळलं होतं. या शहरात पन्नास वर्षं निवडणुका पाहिलेल्या मला मात्र पटकन उमगलं नाही.

कारण इतक्या मोठ्या पक्षाचा उमेदवार असा बसलेला मी कधी पाहिला नव्हता. अर्ज मागे घेण्याचा तो शेवटचा दिवस होता. काँग्रेसचे उमेदवार अक्षय कांति बम यांनी अर्ज मागे घेतला आणि त्याच दिवशी ते भाजपात गेले. अर्ज भरायची मुदत आधीच संपलेली, त्यामुळे पक्षाला दुसरं नाव देणंही शक्य नव्हतं. आठवड्याभरापूर्वी सुरतेत काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला होता, उरलेल्यांनी आपापले अर्ज मागे घेतले होते आणि भाजपचे उमेदवार बिनविरोध खासदार झाले होते. आमच्याकडे तेवढं झालं नाही. लहान पक्षांचे आणि अपक्ष असे काही जण रिंगणात उरले, म्हणून १३ मेला मतदान व्हायचं होतं ते होणार होतं.

आता खरं सांगायचं तर मला काय फरक पडायला हवा होता? मी काही काँग्रेसची मतदार नव्हे. १९८९पासून सुमित्राताई महाजन इथून आठ वेळा लोकसभेवर गेल्या आणि आठही वेळा माझं मत त्यांनाच होतं. त्या चिपळूणच्या, लग्न होऊन इंदुरात आलेल्या. मी जालन्याची, लग्न होऊन इंदुरात आलेली. राजकारण कळायच्या आधीचं हे नातं. ताईंनंतरही माझं मत कुठं जातं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्या दिवशी दिवस मावळायच्या आधी ताटावर बसले आणि घास उतरेना. आपला माणूस जिंकणार हे पक्कं झालं तर बरं वाटायला हवं. मला फसवल्यासारखं का वाटत होतं?

याचं उत्तर शोधता शोधता मी माझ्या सासऱ्यांपर्यंत जाऊन पोचले.

बाबूजी कापडाचे व्यापारी. तुकोजीराव क्लॉथ मार्केटात त्यांची गादी होती. इंदूर तेव्हा गिरण्यांचं गाव. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी. माहेरी जालन्याला दिवस देवळाच्या घंटेनं उजाडायचा. इथं १९७३ साली सासरी आले तेव्हा भोंग्यानं उजाडायला लागला. कुठल्या गिरणीचा भोंगा कुठला हे सासूबाईंना आवाजावरून कळे आणि त्यावर त्यांचा स्वयंपाक चाले. बाबूजींचा धंदा गिरण्यांवर अवलंबून. संप झाला की माल अडकायचा, उधारी थकायची. म्हणजे लाल बावटा हा आमच्या घरात शिव्या खाण्याचा विषय असायला हवा होता, आणि होताही.

पण होमी दाजींचं नाव निघालं की बाबूजींचा सूर बदलायचा. दाजी पारशी, कम्युनिस्ट, गिरणी कामगारांचे पुढारी. १९५७ साली ते आमदार झाले. १९६२च्या लोकसभेला अपक्ष म्हणून उभे राहिले आणि काँग्रेसचे रामसिंहभाई वर्मा यांना हरवून दिल्लीला गेले. रामसिंहभाईही कामगारांचेच पुढारी, पण सरकारी बाजूच्या संघटनेचे. नेहरूंचा तो काळ. काँग्रेसच्या तिकिटावर दगड उभा केला तरी निवडून येतो असं म्हणायचे. त्या दिवसांत होळकरांच्या गावानं, शेठ हुकुमचंदांच्या गावानं, एका अपक्ष कम्युनिस्टाला खासदार केलं.

बाबूजींनी दाजींना मत दिलं नव्हतं. हे ते अभिमानानं सांगायचे. पण राजवाड्यासमोर दाजींची सभा असली की दुकान मुनिमाच्या हवाली करून गर्दीच्या कडेला उभे राहून ऐकायचे, हेही सांगायचे. मी एकदा विचारलं, मत द्यायचं नाही तर ऐकायला कशाला जायचं? ते म्हणाले, "बेटा, गिरणीचा शेठ माझं ऐकतो का? मी लहान अडत्या. भाव तो ठरवणार, माल तो देणार. त्याला चारचौघांत हिशेब विचारणारा एक माणूस या गावात आहे, हे त्याला ठाऊक असलं म्हणजे माझ्याशीही तो जरा नीट बोलतो." पुढं हसून म्हणाले, "त्याचा भोंगा मला नको. पण बंद पडलेलाही नको."

एवढं बोलून ते पुन्हा वहीत डोकं घालत. लोकशाहीवरचं त्यांचं सगळं बोलणं एवढंच, आणि पुस्तकात मला याहून जास्त फारसं सापडलेलं नाही.

दाजी ज्या लोकसभेत बसले, तिच्यातच ऑगस्ट १९६३मध्ये स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वास ठराव आला. आचार्य कृपलानींनी तो मांडला. निकाल काय लागणार हे मांडणाऱ्याला, ऐकणाऱ्याला आणि पत्रकार कक्षातल्या शेवटच्या माणसालाही माहीत होतं. ठरावाच्या बाजूनं ६२, विरुद्ध ३४७. मग चार दिवस कशाला घालवले? त्या चर्चेत राममनोहर लोहिया उभे राहिले. नुकतेच पोटनिवडणुकीतून आले होते. या देशातले सत्तावीस कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असं ते म्हणाले. सरकार म्हणालं, तीन नव्हे, पंधरा आणे. झालं. आकड्यांचं भांडण सुरू झालं आणि वर्तमानपत्रांतून चौकाचौकात पोचलं. माणूस किती आण्यांवर जगतो हे सरकारला मोजून सांगावं लागलं. ठराव हरला, पण प्रश्न हरला नाही. पुढं गरिबीची रेषा वगैरे जे शब्द आपण सहज वापरायला लागलो, त्यांच्यामागं ही तीन आण्यांची कुरकुर आहे असं मला नेहमी वाटतं.

मतं मोजून हरणाऱ्या माणसाला संसदेत जागा का ठेवायची, या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याजवळ नाही.

मग १९७५ आलं. माझं लग्न होऊन दोन वर्षं झालेली, पहिलं बाळंतपण. आमच्याकडे 'नई दुनिया' यायचा. इंदूरचा पेपर, संपादक राहुल बारपुते, आपला मराठी माणूस. हिंदी पत्रकारितेत राजेंद्र माथुरांसारखी माणसं त्याच पेपरात घडली. आणीबाणी लागली त्या सुरुवातीच्या दिवसांत एका सकाळी बाबूजी पेपर उघडून बसले आणि बराच वेळ पान उलटेनात. मी दूध द्यायला गेले तर म्हणाले, "बघ." अग्रलेखाची जागा कोरी होती. चौकट होती, आत काही नव्हतं. मी म्हटलं, छपाईची चूक असेल. ते म्हणाले, "चूक नाही. हेच लिहिलंय."

तो अंक त्यांनी जुन्या चोपड्यांबरोबर लाल कापडात बांधून ठेवला. या कोऱ्या चौकटीकडे मी पुढं परत येणार आहे.

संसदेतले विरोधक तेव्हा तुरुंगात होते आणि आमच्या मध्य प्रदेशातले तुरुंग त्यांतल्या काहींचे पत्ते झाले होते. मधू लिमयांना इथेच धरलं आणि मध्य प्रदेशातल्या वेगवेगळ्या तुरुंगांतून ठेवलं. त्यांत माळव्यातलं नरसिंहगडही होतं. पुण्याचा हा माणूस बिहारमधल्या बांकामधून लोकसभेवर गेलेला. संसदेचे नियम असे पाठ की त्यांनी हातात कागद घेतला की मंत्र्यांच्या पोटात गोळा यायचा. विरोधक म्हणजे आरडाओरडा, ही समजूत ज्यांची असेल त्यांनी लिमयांची लोकसभेतली भाषणं आणि हरकतीचे मुद्दे वाचावेत. आवाज नाही, कलम आणि पोटकलम. सरकारला सरकारच्याच कायद्यात अडकवायचं.

त्या लोकसभेची मुदत मार्च १९७६मध्ये संपत होती. सरकारनं कायदा करून ती एका वर्षानं वाढवली, पुढं आणखी वाढवली. तुरुंगात बसलेल्या खासदाराला यात काही वाईट नव्हतं. खासदारकी आपोआप वाढत होती. लिमयांनी राजीनामा दिला. लोकांनी पाच वर्षांसाठी निवडलं, पाच वर्षं संपली, आता ही जागा माझी नाही, असा सरळ हिशेब. त्यांच्याबरोबर जबलपूरचे तरुण खासदार शरद यादव यांनीही दिला. बाकीच्यांनी दिला नाही, त्यांचीही कारणं होती, त्यात मी पडत नाही.

पण २९ एप्रिलच्या त्या संध्याकाळी मला नरसिंहगड आठवलं ते यामुळं. उमेदवारी ही उमेदवाराची खासगी वस्तू आहे का? कायद्यानं आहे. अर्ज त्याचा, सही त्याची, मागे घेण्याचा हक्क त्याचा. पण पक्षानं नाव दिलं, लोकांनी ते वाचलं, काहींनी मनात मत टाकूनही झालं, त्यानंतर त्या नावात इतरांचाही थोडा वाटा येतो. लिमयांना तो वाटा इतका खरा वाटला की मुदत संपल्यावर एक दिवसही ते त्यावर बसायला तयार नव्हते.

१९७७मध्ये इंदूरनं पुन्हा विरोधकाला निवडलं. समाजवादी कल्याण जैन जनता लाटेत खासदार झाले. आमच्या स्थानकात पेढे वाटले गेले, ते विचारांसाठी की आडनावासाठी हे मी विचारलं नाही.

त्या वर्षी दिल्लीत जे झालं ते मला आजही आश्चर्याचं वाटतं. तुरुंगातून सुटलेली माणसं सरकारात आली. ज्यांनी तुरुंगात टाकलं तो पक्ष १५४ जागा घेऊन समोरच्या बाकांवर बसला. अशा वेळी पहिला विचार सूड घेण्याचा येतो, आणि तो आलाही, चौकशी आयोग वगैरे झालं. पण त्याच सरकारनं त्याच वर्षी विरोधी पक्षनेत्याच्या वेतनाचा आणि भत्त्यांचा कायदा केला. विरोधी नेत्याला सरकारी तिजोरीतून पगार, घर, कर्मचारी. आपल्यावर टीका करणाऱ्याला आपणच पोसायचं. इंग्लंडात हे १९३७पासून होतं. तिथं विरोधकांना राजाचे निष्ठावंत विरोधक म्हणतात. हे नाव १८२६मध्ये एका सदस्यानं थट्टेत वापरलं आणि ते खरं होऊन बसलं.

जनता सरकारसमोर लोकसभेत पहिले विरोधी नेते कोण होते? यशवंतराव चव्हाण. मराठी वाचकाला त्यांचं मुख्यमंत्रिपद माहीत असतं, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री गेला तेही माहीत असतं. या पदाची आठवण फारशी कुणी काढत नाही. जुलै १९७९मध्ये चव्हाण पुन्हा विरोधी नेते झाले आणि त्यांनीच मोरारजींच्या सरकारवर अविश्वास ठराव आणला. मतदान व्हायच्या आधीच मोरारजींनी राजीनामा दिला. ज्या पदाला जनता सरकारनं पगार लावला, त्या पदावरच्या माणसानं ते सरकार घालवलं. कुणी म्हणेल, केवढा मूर्खपणा. मी म्हणेन, कायदा अगदी नीट लागू पडला. चव्हाणांचा तो ठराव थोर होता असं नाही. त्यामागं पक्षांतरं होती, खुर्च्यांची मोजणी होती, आणि काही दिवसांतच चव्हाण स्वतः उपपंतप्रधान झाले. विरोधी बाकही काही साधूंचा मठ नसतो.

आता ज्या भागाला मी हात लावायला कचरत होते तिथं येते. आमच्या ताई.

६ जून २०१४ला सुमित्राताई लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या तेव्हा इंदुरात दिवाळी होती. मीरा कुमारांनंतरच्या दुसऱ्या महिला अध्यक्ष. मराठी बायकांनी भिशीत ओवाळणी केल्यासारखा फोटोला हार घातला, मी त्यांत होते. आणि त्याच ऑगस्टमध्ये त्यांच्यापुढं प्रश्न आला की विरोधी पक्षनेता कुणाला मानायचं. काँग्रेसला ४४ जागा होत्या. लोकसभेच्या ५४३ जागांचा दहावा हिस्सा म्हणजे ५५. ताईंनी काँग्रेसची मागणी नाकारली. पद रिकामं राहिलं.

चातुर्मासात एका साध्वीजींच्या प्रवचनात आचार्य हरिभद्रसूरींचं नाव ऐकलं होतं. आठव्या शतकातले. 'षड्दर्शनसमुच्चय' नावाचा छोटा ग्रंथ त्यांनी लिहिला. त्यात बौद्ध काय म्हणतात, नैयायिक काय म्हणतात, सांख्य काय म्हणतात ते सांगितलं आहे, आणि चार्वाकसुद्धा सोडलेला नाही. प्रत्येकाचं म्हणणं त्याला स्वतःला ओळखू येईल असं मांडायचं. वादात आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, आणि ती लंगडी करून नाही, पूर्ण ताकदीनं. मग आपलं. जुन्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्षाशिवाय सिद्धांताला कुणी किंमत देत नसे. आपल्याकडं विरोधी पक्षाची कल्पना साहेबानं आणली असं म्हणतात. संसदेतली खुर्ची त्याची असेल, पण समोरच्याला पहिल्यांदा नीट बोलू द्यायची रीत आपल्या पाठशाळांत होती. मतं मोजायची रीत मात्र नव्हती, हेही खरं.

म्हणून आधी ताईंची बाजू. दहा टक्क्यांचा दंडक त्यांनी शोधून काढला नव्हता. पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांच्या काळापासून तो चालत आला. सभागृह चालवायला जेवढी गणपूर्ती लागते, म्हणजे एक दशांश, तेवढे सदस्य तरी पक्षापाशी असावेत, हा त्यामागचा विचार. पहिल्या सतरा वर्षांत मान्यताप्राप्त विरोधी नेता नव्हताच. तो पहिल्यांदा १९६९मध्ये, काँग्रेस फुटल्यावर झाला. १९८० आणि १९८४ साली काँग्रेस सत्तेवर होती, तेव्हा समोर ५५ जागांचा पक्ष नव्हता आणि तेव्हाही हे पद कुणाला मिळालं नाही. १९८४ला तेलुगू देसमकडे तीस जागा होत्या. म्हणजे काँग्रेसनं जे पेरलं ते २०१४ला तिच्या पदरात पडलं. ताईंनी महान्यायवादींचं मतही घेतलं होतं. नियमानं पाहिलं तर त्यांच्याकडं बोट दाखवणं अवघड आहे.

आणि आता माझं. १९७७चा तो कायदा मी पुन्हा पुन्हा वाचला. विरोधी पक्षांमध्ये ज्याचं संख्याबळ सर्वांत जास्त त्याचा नेता, ज्याला अध्यक्षांनी मान्यता दिली असेल तो, असं तिथं म्हटलं आहे. दहा टक्के हा आकडा त्या व्याख्येत नाही. म्हणजे दार बंद नव्हतं, कडी अध्यक्षांच्या हातात होती. दिल्ली विधानसभेत २०१५ला आम आदमी पक्षाला ७०पैकी ६७ जागा मिळाल्या, भाजपचे तीन आमदार, दहा टक्के सोडाच. तरी तिथल्या अध्यक्षांनी भाजपच्या विजेंद्र गुप्तांना विरोधी नेता म्हणून मान्यता दिली. तीन आमदारांच्या नेत्याला ती मिळू शकते तर चव्वेचाळीसांच्या नेत्याला का नको? आमच्या ताईंनी कडी काढली असती तर त्यांचं नाव मावळंकरांच्या शेजारी घेतलं गेलं असतं, असं माझं मत आहे. ताईंना आठ वेळा मत दिलेल्या बाईला एवढं म्हणायचा हक्क असावा.

पद नव्हतं तर बिघडलं काय, असं शेजारच्या काकांनी विचारलं होतं. पगारापुरतं असतं तर काहीच बिघडलं नसतं. पण लोकपाल निवडायच्या समितीत विरोधी नेता हवा असं कायदा म्हणतो. विरोधी नेताच नाही. मल्लिकार्जुन खर्गेंना 'विशेष निमंत्रित' म्हणून बोलावलं, ते म्हणाले मत देता येत नसेल तर येऊन काय करू. कायदा २०१३चा, पहिला लोकपाल मार्च २०१९मध्ये नेमला गेला. याचं सगळं कारण ती रिकामी खुर्ची नव्हे, सर्वोच्च न्यायालयानं तर २०१७मध्येच सांगितलं होतं की विरोधी नेत्यावाचूनही नेमणूक करता येते. पण न नेमण्याला एक कारण हाताशी होतं आणि ते वापरलं गेलं.

मावळंकरांचीच एक गोष्ट सांगते. डिसेंबर १९५४मध्ये विरोधकांनी खुद्द त्यांच्याविरुद्ध ठराव आणला, अध्यक्ष पक्षपाती आहेत म्हणून. ठराव पडणारच होता. पंतप्रधान नेहरूंनी चर्चेच्या वेळी पीठासीन उपाध्यक्षांना विनंती केली की जास्तीत जास्त वेळ विरोधी सदस्यांना द्यावा. नंतर स्वतः उठून त्यांचं म्हणणं कडक शब्दांत खोडून काढलं. वेळ दिला, सवलत दिली नाही. मला हे फार आवडतं.

विरोधकांचीही बाजू धुतल्या तांदळासारखी नाही. २०१०चं हिवाळी अधिवेशन टू-जी प्रकरणी संयुक्त समितीच्या मागणीवरून जवळजवळ सगळं वाया गेलं, तेव्हा भाजप विरोधात होता. २०१५च्या पावसाळ्यात काँग्रेसनं फलक नाचवले आणि ताईंनी २५ काँग्रेस खासदारांना पाच दिवस निलंबित केलं. भूमिका बदलल्या, गोंधळ तोच. लिमयांसारखा रात्रभर नियमांचं पुस्तक घेऊन बसणारा माणूस आता कुणाला नको, फलक रंगवायला सोपा असतो.

हे फक्त दिल्लीचं दुखणं नाही. २०२४च्या नोव्हेंबरात माझ्या माहेरच्या राज्यात निकाल लागले, २८८च्या विधानसभेत विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाला २० जागा. पुन्हा तोच दहावा हिस्सा, पुन्हा रिकामी खुर्ची.

आता १३ मे २०२४. नातीला घेऊन सकाळी लवकर निघाले. शाळेत केंद्र होतं. रस्त्यात पोहे-जिलबीच्या गाड्यावर गर्दी आणि तिथं एकच चर्चा, नोटा. काँग्रेसनं लोकांना नोटाचं बटण दाबायला सांगितलं होतं. ताईंनीही जाहीरपणे म्हटलं होतं की उमेदवार बसल्याचं ऐकून त्यांना आश्चर्य वाटलं आणि लोक फोन करून नोटाबद्दल बोलताहेत. नात म्हणाली, "दादी, नोटा जिंकला तर?" मी सांगितलं, काही होत नाही. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळं हे बटण आलं, पण त्याला कितीही मतं पडली तरी उरलेल्यांत ज्याला जास्त तो निवडून येतो. "मग कशाला दाबायचं?"

मला बाबूजींची ती कोरी चौकट आठवली. छपाईची चूक नव्हे, हेच लिहिलंय. रांगेत उभ्या उभ्या मी तिला 'नई दुनिया'ची गोष्ट सांगितली. पुढची बाई मागं वळून ऐकायला लागली.

मी कुठलं बटण दाबलं ते सांगणार नाही. नातीनं मला सांगितलं नाही, मीही तिला सांगितलं नाही.

४ जूनला निकाल आला. भाजपचे शंकर लालवानी यांना १२,२६,७५१ मतं. दुसऱ्या क्रमांकावर बसपचे उमेदवार, ५१,६५९. मताधिक्य ११,७५,०९२. आणि नोटा, २,१८,६७४. आधीचा देशातला विक्रम बिहारच्या गोपालगंजचा, २०१९मधला, ५१,६६०. म्हणजे आमच्याकडं दुसऱ्या आलेल्या उमेदवाराच्या चौपटीहून जास्त लोक 'यांपैकी कुणी नाही' म्हणायला उन्हात रांग लावून उभे राहिले. कितीही मतं पडली तरी बटण मुकंच राहणार हे ठाऊक असून. यातले सगळे काँग्रेसचे होते असं मला वाटत नाही. काही जण माझ्यासारखेही असतील. आमच्या माणसाला साडेअकरा लाखांहून जास्त मताधिक्य मिळालं आणि गल्लीत फटाके थोडेच वाजले. समोर कुणी नसताना मिळवलेली मतं किती, हे मोजायला मापच उरलं नव्हतं. मला फसवल्यासारखं वाटलं ते हेच असावं. माझं मत माझ्या माणसालाच जाणार होतं, पण समोर दुसरा असताना ते निवडून दिलेलं असतं. आता ते नुसतं जमा झालं असतं.

२६ जूनला टीव्हीवर नव्या अध्यक्षांची निवड चालली होती. रीत अशी की अध्यक्षांना पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेता आसनापर्यंत घेऊन जातात. ओम बिर्लांच्या एका बाजूला मोदी, दुसऱ्या बाजूला राहुल गांधी. काँग्रेसच्या ९९ जागा, दहावा हिस्सा पार झाला होता. त्याच दिवशी अध्यक्षांनी आणीबाणीचा निषेध करणारा ठराव वाचला आणि विरोधी बाकांवरून गोंधळ सुरू झाला. चॅनल बदलायला नातीनं रिमोट उचलला आणि थांबली.

"दादी, ये विपक्ष का नेता पहले नहीं होता था?"

मी हिशेब केला. ही दहा वर्षांची होती तेव्हापासून आजपर्यंत नव्हता. तिला नागरिकशास्त्र शिकवलं गेलं, परीक्षेत या पदावर दोन गुणांचा प्रश्न आला असेल, तिनं उत्तरही लिहिलं असेल, पण त्या खुर्चीवर बसलेलं माणूस पाहिलं ते आज.

"होता था," मी म्हटलं. "बस, इधर आ."

आणि माळ्यावरून बाबूजींच्या लाल कापडात बांधलेल्या चोपड्या काढायला तिच्या बापाला हाक मारली.